बिजलीचे एकोणचाळीस दात

बिजलीचा तिसरा शाफ्ट तुटला तेव्हा आप्पा डोंगरावर चिडले नाहीत, गाडीवर चिडले नाहीत. ते माझ्यावर चिडले. "तू मशिनीचा डिप्लोमा शिकतीस ना? मग ही तुटती कशी?" मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, मेकॅनिकलच्या अख्ख्या वर्गात एकटी मुलगी, आणि घरात लोखंडाचं जे काही बिघडेल त्याचा जाब मला विचारायचा अशी पद्धतच पडली होती. कुकरची शिट्टी वाजेना, बोलवा रंजीला. शेजारच्यांचं फाटक करकरतं, बोलवा रंजीला. बिजली ही आमची जीप. लष्कराच्या लिलावातून आलेली, मागून कापून ट्रकसारखा उघडा हौदा केलेली, आणि वेळ पडली की पुढची-मागची चारही चाकं जोराला लावून ओढणारी. आप्पा फळांचे आडते. खुलताबादच्या अलीकडं डोंगरावरच्या पठारावर आमची सीताफळाची बाग होती, आणि तिथं जायला काळ्या खडकाच्या पायऱ्यापायऱ्यांची एकच वाट. त्या वाटेनं बैल चढे, शेळी चढे, आई डोक्यावर पाटी घेऊन चढे. बिजली मात्र तीनदा चढली की चौथ्यांदा मधेच "कट्" असा आवाज करी, आणि मग अर्धा दिवस आम्ही खडकावर भाकऱ्या खात बसू.

आप्पांना याची लाज होती, कारण त्यांना बघणारे लोक होते. चिकलठाण्याच्या कारखान्यांतले चार-पाच साहेब, एक ठेकेदार आणि साबळे नावाचे एक दातांचे डॉक्टर, अशी एक टोळी दर रविवारी जुन्या जीपा घेऊन डोंगर चढायला जाई. वरून काही आणायचं नाही, वर काही न्यायचं नाही, नुसतं चढायचं आणि उतरायचं. आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "घरी जागा नाय का बसायला?" असं ती डॉक्टरांना तोंडावर विचारी. आप्पा मात्र त्या टोळीत मिरवत, कारण त्यांच्याकडं वर जायला कारण होतं. "तुम्ही हौशी, मी कामाचा," असं ते म्हणत, आणि त्याच आठवड्यात त्यांचा शाफ्ट तुटे. आता बघते तर पोरं फोनवर डोंगराचा उतार किती अंशांचा ते मोजतात आणि मग चढतात. आमच्याकडं उतार मोजायचं साधन आई होती. ती हौद्यातून उतरून चालायला लागली की समजायचं, उतार जास्त आहे.

आमचं घर चिकलठाण्यात, विमानतळाच्या बाजूला. सकाळचं विमान इतकं खालून जाई की फळीवरची पितळी भांडी गुणगुणू लागत आणि माणसांना बोलणं थांबवावं लागे. सीताफळाच्या दिवसांत अंगणभर फळं पसरलेली असत, पिकत आलेल्या फळांचा तो गोडसर, किंचित आंबूस वास उशीपर्यंत येई, आणि त्या सगळ्यावर आईची मोजणी चाललेली असे. आई मोजे ते ऐकण्यासारखं होतं. दोन्ही हातांनी फळ उचलायचं, पाटीत ठेवायचं, आणि एका सुरात म्हणायचं. विमान आलं की ती आकड्यावर थांबे, हात हवेत धरून, आणि विमान गेलं की बरोबर पुढच्या आकड्यावर सुरू होई. नाश्त्याला ज्वारीची भाकरी, लाल ठेचा आणि फुटलेल्या सीताफळांचा गर दुधात कालवून. तो वाटीत काढतानाही ती बिया मोजते की काय असं मला वाटे. तिचा सूर माझ्या हाताला लागला होता. शाळेत बाईंनी मुलींची रांग मोजायला सांगितली की मी एकेकीच्या खांद्याला हात लावत जाई, आणि माझ्या हिशेबात नेहमी दोन-तीन मुली हरवलेल्या असत. बाई मला वेंधळी म्हणत. मीही स्वतःला वेंधळी समजून विषय सोडून दिला. कागदावरच्या गणितात मला पैकीच्या पैकी मिळत, मग कशाला काळजी?

जालना रोडवरून आत वळलं की मेहबूब उस्तादांचं गॅरेज होतं. मी त्यांना चाचा म्हणे. साठीचे, बारीक, पांढरी दाढी मेंदीनं तांबडी केलेले. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांमध्ये त्यांच्याइतका जाणता माणूस आमच्या भागात नव्हता. रविवारच्या टोळीतली प्रत्येक गाडी त्यांच्या हातून गेलेली. मी सुट्टीत तिथं जाऊन बसे ते मेकॅनिक व्हायला म्हणून, असं मी घरी सांगितलं होतं. त्यातला निम्मा भाग खरा होता. उरलेला निम्मा चाचींच्या हातच्या नान-खलियाचा होता, पण ते मटण आईच्या हयातीत कबूल करायची सोय नव्हती म्हणून आज लिहिते आहे.

"आप्पा," चाचा तो तिसरा शाफ्ट हातात फिरवत म्हणाले, "शाफ्ट बदल-बदल के कुछ नई होता. पूरा अ‍ॅक्सल बदलो. ये पुराना अ‍ॅक्सल बच्ची के हाथां हैं, आप इससे पहिलवानी करवा रहे."

अ‍ॅक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी दांडा, आणि त्याच्या मधोमध भोपळ्याएवढा पोकळ गोळा. गाडीचा सगळा जोर इंजिनाकडून त्या गोळ्यात येतो आणि तिथून शाफ्टांवाटे दोन्ही चाकांना वाटला जातो. आमचा मागचा अ‍ॅक्सल किरकोळ होता. चाचांनी भंगारातून एका लष्करी ट्रकचा अ‍ॅक्सल हुडकून काढला. तो टेम्पोतून उतरवायला चौघं लागले आणि तो जमिनीवर टेकला तेव्हा चहाचे कप हलले. आप्पा त्याला हात लावून बघत राहिले. मुलीला चांगलं स्थळ आल्यावर बापाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. माझ्या वेळी झाला नाही, तो भाग वेगळा.

नेमकं त्याच आठवड्यात चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद की महिनाभर वाकायचं नाही. आप्पांना थांबायचं नव्हतं. टोळीची मोठी चढाई ठरली होती, आमच्याच बागेच्या वाटेनं, आणि आप्पांनी सगळ्यांना वर जेवायला बोलावून ठेवलं होतं. तेव्हा असं ठरलं की चाचा खुर्चीवर बसून सांगतील आणि मी करीन. आप्पांना हे मी नीटसं सांगितलं नाही. मी हाताशी पाने-पकडी देते, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

ते बारा दिवस माझ्या तारुण्यातले सगळ्यांत सुखाचे. स्प्रिंगांच्या बैठका नव्यानं बसवल्या, नव्या गोळ्यापर्यंत पुरेल असा मधला शाफ्ट चार बोटं कापून जोडून आणला, ब्रेकच्या नळ्या वाकवल्या. माझी नखं काळी झाली ती दिवाळीपर्यंत तशीच राहिली. चाचा खुर्चीवरून मान वर करून, नुसत्या आवाजावरून सांगत, "बेटा, वो बोल्ट आखरी नई बैठा." आणि खरंच बसलेला नसे.

एक गोष्ट त्यांनी पहिल्या दिवशी सांगितली होती. चार चाकांच्या गाडीत पुढचा आणि मागचा गोळा सारखा पाहिजे. गोळ्याच्या आत एक मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राउन म्हणतात, आणि त्याला फिरवणारं एक छोटं दातेरी चाक. छोट्याचे दात दोन्हीकडं आठ-आठ होते. मोठ्याचे दात पुढं-मागं सारखे नसतील तर पुढची चाकं एका वेगानं जायला बघतात आणि मागची दुसऱ्या. भुसभुशीत मातीत चाकं घसरून आपसात भागवून घेतात. खडकावर घसरायला जागा नसते, मग गाडी स्वतःचीच हाडं मोडते. पुढचा गोळा चाचांनी ऑपरेशनच्या आधीच उघडून, मोजून भिंतीवर खडूनं लिहिलं होतं: "आगे ३९." मागच्या क्राउनवर कोरलेले आकडे गंजानं खाल्ले होते. तेव्हा मी मांडी घालून बसले, तेलकट दातांवरून एकेक करून बोट फिरवलं, आणि भिंतीवर त्याखाली माझ्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: "मागे ३९."

"बराबर है?" चाचा म्हणाले. "फिर भी, चारों टायर उठा के, हाथ से घुमा के, आगे-पीछे बराबर घूमते क्या देख लेते."

"चाचा, मी मोजलेत ना. आणि रविवार परवावर आलाय."

"मोजने वाला हाथ एकीच होना, बेटा. आगे मैं, पीछे तू, ऐसा अच्छा नई."

"माझा डिप्लोमा आहे, चाचा," मी म्हणाले. हे वाक्य मी म्हणाले. पुढं पुष्कळ काही घडलं, पण आजही रात्रीच्या जेवणानंतर आठवण काढून मी लाजायचं ठरवलं तर याच वाक्यापाशी येते.

गाडी रस्त्यावर मऊ लोण्यासारखी चालली. पक्क्या रस्त्यावर चारही चाकं लावून चालवायची नसते, त्यामुळं ती परीक्षा झालीच नाही. रविवारी सकाळी आप्पा चालवत होते, मी शेजारी, आई मागं हौद्यात, सीताफळांची पाटी आणि भाकऱ्यांचं गाठोडं सांभाळत. मागं टोळीच्या गाड्या. पायथ्याच्या मातीत आप्पांनी चारही चाकं लावली आणि बिजली अशी सुटली की आप्पांनी गाणं म्हणायला सुरुवात केली. मग काळा खडक आला. पहिल्या पायरीवर स्टिअरिंग जड झालं. दुसऱ्या पायरीवर गाडीच्या पोटातून असा आवाज आला, जसा जुन्या पलंगावर लठ्ठ माणूस कूस बदलतो. "नवी हाये, मोकळी व्हायचीय," आप्पा म्हणाले. तिसऱ्या पायरीवर जळल्याचा वास आला. आप्पांनी दांडा ओढून पुढची चाकं सोडवायला बघितलं, दांडा हलेना. ते दोन्ही हातांनी ओढू लागले.

आणि बंदूक उडाली. मला खरंच बंदूक वाटली. माझ्या दोन पायांच्या मधून जमिनीचा पत्रा फाटला आणि वीतभर लोखंड वर आलं, जिथं क्षणापूर्वी माझी डावी पोटरी होती. इंजिन बंद पडलं. बिजली मागं घरंगळू लागली. आप्पा ब्रेकवर उभे राहिले, अक्षरशः उभे, टोपी छताच्या नळीला टेकवून. मागून कुणीतरी ओरडत होतं, "दगड लावा, दगड!" पाटी उलटली आणि सीताफळं आमच्याआधी खाली निघाली, एकेक पायरी उड्या मारत. गाडी थांबली तेव्हा मागचं डावं चाक कड्याच्या इतकं जवळ होतं की तिथून खाली वाकून बघितलेल्या ठेकेदारानं नंतर दोन दिवस जेवण सोडलं.  मग आईचा आवाज आला. तिनं बोटानं आप्पांकडं दाखवलं, मग माझ्याकडं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि पाटीसमोर बसल्यासारखी मोजणी केली: "लाभ… एक… दोन. हायेत. सगळी हायेत."

मी धक्क्यात होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

बिजलीला ओढत गॅरेजला आणलं. चाचा खुर्चीवरून उठले, पट्टीचा डोळा वर करून. टोळी गोल करून उभी होती. आप्पांचा आवाज जालना रोडपर्यंत गेला असेल. "आंधळ्या माणसाच्या हातात मी माझी बायकोपोर दिली! चूक तुमची नाय उस्ताद, चूक माझीच!"

चाचांनी बिजलीच्या बॉनेटवर हात टेकला. मग म्हणाले, "हौ आप्पा. मेरी आँख का कसूर है."

मी तिथंच उभी होते. आणि मला, हे लिहिताना हात अडखळतो, मला बरं वाटलं. दात मी मोजले होते, ते बरोबर होते. म्हणजे जे चुकलं ते जोडलेल्या शाफ्टचं, वेल्डिंगचं, चाचांच्या कुठल्यातरी सांगण्याचं. मी मान खाली घालून आप्पांच्या मागं चालत घरी आले.

पंधरा दिवसांत उस्तादांची नजर गेल्याची बातमी फुलंब्रीपर्यंत पोहोचली. टोळीतल्या गाड्या दुसरीकडं जाऊ लागल्या. आप्पांनी मला तिकडं जायला मनाई केली, आणि मी ती आनंदानं पाळली, कारण चाचांच्या समोर जायचं धैर्य मला नव्हतं. का नव्हतं, ते मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

एका सकाळी मी ओट्यावर वेणी घालत होते. आई अंगणात शेवटच्या तोडणीची फळं मोजत होती. पहिलं फळ तिनं कपाळाला लावून बाजूला ठेवलं: "लाभ." मग "एक, दोन, तीन…" दहा झाले की एक फळ जास्तीचं: "वर." पुन्हा "अकरा, बारा…" वीस, वर. तीस, वर. आमच्या घरात पहिलं फळ देवाचं, ते मोजायचं नाही. आणि प्रत्येक दहावर एक गिऱ्हाइकाचं, तेही मोजायचं नाही. आप्पांच्या आज्यापासूनची रीत. तिनं "तीस, वर" म्हटलं आणि विमान आलं. भांडी गुणगुणायला लागली. आई हात हवेत धरून थांबली. मी तिच्याकडं नाही, त्या फळाकडं बघत होते, पाटीत बसलेल्या, पण कुठल्याच आकड्यात नसलेल्या. विमान गेलं. आई म्हणाली, "एकतीस."

माझी वेणी सुटली. तेलकट दातांवरून जाणारं माझं बोट मला दिसलं, आणि मांडी घालून बसलेली मी, ओठातल्या ओठात. लाभ. एक, दोन. दहा, वर. मी कागदावर जगासारखी मोजत असे. पण हाताखाली एकामागून एक काही आलं की आईसारखी मोजत असे, आणि एकोणीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकोणचाळीस, त्यावर तीन वरचे, आणि एक देवाचा. त्रेचाळीस. शाळेतल्या त्या सगळ्या हरवलेल्या मुली एकदम सापडल्या. पुढचा गोळाही मीच मोजला असता, तर तिथं पस्तीस आले असते आणि खोटे का होईना, पण आकडे जुळले नसते. मोजणारा हात एकच पाहिजे, असं चाचा म्हणाले होते.

मी तशीच सायकल काढली. गॅरेजची जमीन, जी कायम तेलानं ओली असे, कोरडी पडून तडकली होती. चाचा एकटे चहा पीत होते. क्राउन टेबलाखाली होता. मी काही न बोलता तो वर घेतला आणि खडूनं एकेका दातावर खूण करत मोजला. त्रेचाळीस. मी वर बघितलं. मला वाटलं होतं, चाचा दचकतील. ते चहात खारी बुडवत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"उसी दिन खोल के, उंगली से गिन लिया था."

मी भिंतीकडं वळले. जिथं आकडे लिहिले होते तिथं आता एक जुनं कॅलेंडर टांगलेलं होतं, दोन वर्षांपूर्वीचं. मी त्याचं पान उचललं. खाली माझं टपोरं अक्षर होतं, जसंच्या तसं. त्यांनी पुसलं नव्हतं, झाकलं होतं.

"चाचा, का?"

"आँख का क्या है बेटा, पट्टी निकलेगी, लोगां खुद आके देख लेंगे. तेरेकू तो अभी शुरू करना है. पहलाच काम बिगाडी बोल के नाम हुआ, तो इस शहर में तेरे हाथ में पाना कौन देगा? छोरी है बोल के वैसे भी नई देते."

"पण कोणी येत नाहीये."

"आयेंगे," ते म्हणाले, आणि रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिले.

मी रडत घरी गेले असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी जाताना डोक्यात नाटक रचत गेले. नुसतं "माझं चुकलं" म्हणून भागणार नव्हतं. आप्पा म्हणाले असते, पोरगी म्हाताऱ्याला पाठीशी घालतीय. तेव्हा मी आप्पांना सांगितलं की उस्तादांची नेमकी चूक मला सापडली आहे आणि ती सगळ्यांच्या समोर दाखवणार आहे. आप्पा इतके खूश झाले की त्यांनीच टोळीला निरोप धाडले. रविवारी सगळे जमले. आईसुद्धा आली, भाकऱ्या घेऊन, कारण भांडण लांबलं तर लोक उपाशी राहू नयेत. चाचांना मी काही सांगितलं नव्हतं. ते खुर्चीत अंग चोरून बसले होते.

मी क्राउन टेबलावर ठेवला. "आप्पा, तुम्ही मोजा."

आप्पांनी बाह्या सरसावल्या. बोट पहिल्या दातावर. "लाभ. एक, दोन, तीन…" अख्खं गॅरेज ऐकत होतं. "…अडतीस, एकोणचाळीस!" त्यांनी विजयानं वर बघितलं, आणि मग कपाळाला आठी. "बरोबर तर हाये. मग चूक कुठं?"

"डॉक्टर, आता तुम्ही."

साबळे डॉक्टरांनी चष्मा चढवला. ज्यांचा जन्म दात मोजण्यात गेला ते गृहस्थ. "त्रेचाळीस," ते म्हणाले.

"डॉक्टर," आप्पा म्हणाले, "तुम्हाला बत्तीसच्या पुढं सवय नाय."

"सरका," आई म्हणाली. तिनं पदरानं क्राउन पुसला, पहिल्या दाताला नमस्कार केला, आणि मोजला. "एकोणचाळीस. डॉक्टर, घरी जाऊन निजा जरा."

डॉक्टरांना घाम फुटला. त्यांनी पुन्हा मोजलं, त्रेचाळीस. कारखान्यातल्या एका साहेबानं मोजलं, त्रेचाळीस. आप्पांनी सगळ्यांना वेड्यात काढून पुन्हा मोजलं, एकोणचाळीस. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी त्यांच्या बोटावर बोट ठेवलं. "थांबा. हा पहिला दात तुम्ही मोजलाच नाही."

"तो देवाचा हाये!"

"आणि दहाच्या पुढचा हा?"

"तो वरचा!"

म्हणून झालं आणि आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. कोणी हसलं नाही.   मी भिंतीजवळ गेले आणि कॅलेंडर खाली काढलं.

"मीपण एकोणचाळीसच मोजले होते," मी म्हणाले. "उस्तादांनी नाही. ते म्हणाले होते, चाकं फिरवून बघ. मी नाही म्हणाले."

आप्पांनी ते अक्षर वाचलं. माझं अक्षर त्यांना ठाऊक होतं, फळांच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहीत असे. त्यांच्या चेहऱ्यावरून त्या सकाळचा खडक, तो कडा, माझ्या पायांमधलं वीतभर लोखंड, सगळं एकेक करून गेलं. माझ्या कानाखाली येणार असं मला वाटलं. ते चाचांकडं वळले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हौ."

"मग मी इतकं बोललो, तवा तोंड का नाय उघडलं?"

"आप तो वैसे भी बोलते, आप्पा," चाचा म्हणाले. "आपके बोलने का क्या हिसाब रखना."

तेव्हा कुठं गॅरेज हसलं. आप्पा हसले नाहीत. ते आईला घेऊन, टोपी हातात धरून, पायी निघून गेले. भाकऱ्या तिथंच राहिल्या आणि टोळीनं खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी अंगणात सगळ्यांत मोठी पाटी ठेवली आणि आईला म्हणाले, "मेहबूबभाईंकडं जायचीय. भर. मोजू नको." आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं पहिलं फळ उचललं. तिच्या ओठांवर "लाभ" आलेला मी पाहिला, आणि तिनं तो गिळला. दोन्ही हात भरून, डोळे दुसरीकडं करून, तिनं पाटी भरली. आमच्या घरातून न मोजता फळ बाहेर गेलं ते त्या एकाच दिवशी. आप्पांनी पाटी स्वतः नेली. तिथं काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. येताना आप्पांच्या सदऱ्यावर खलियाचा डाग होता एवढं मला दिसलं, आणि तो आईला दिसायच्या आत मी सदरा भिजवून टाकला.

आप्पांनी मला पुन्हा गॅरेजला जाऊ दिलं. परवानगी दिली असं नाही, फक्त सकाळी सायकलचं चाक दाबून हवा बघू लागले. एकोणचाळीस दातांचा जुळणारा जोड मिळायला महिना गेला. तोवर चाचांची पट्टी सुटली होती, पण त्यांनी पुन्हा मलाच मांडी घालून बसवलं, पुढचाही गोळा उघडायला लावला, दोन्ही मोजायला लावले, आणि नंतर चारही चाकं उचलून हातानं फिरवून घेतली, वीसदा तरी. डोंगर चढायच्या दिवशी तिसऱ्या पायरीपाशी आई न बोलता हौद्यातून उतरली आणि पायी चालू लागली. बिजली तिच्या आधी वर पोहोचली. आईनं वर येऊन आम्हाला मोजलं, तिच्याच पद्धतीनं, आणि या खेपेला आप्पांनी हळूच तिला दुरुस्त केलं.

त्रेचाळीस दातांचा तो क्राउन आज माझ्या वर्कशॉपच्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवला आहे असं मी लोकांना सांगते. तेवढं वजन वादळातसुद्धा फार झालं असतं. नवा जोड बसवला त्या दिवशी चाचांनी तो पुसून स्वच्छ केला, पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, आणि काडीनं एका दातावर एक ठिपका दिला. मग तो माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "ये तुम्हारे देव का दाँत. लेकिन बेटा, देव कू भी गिनती में धरना."